ऑक्टोबरची बिअर ऑक्टोबरात मिळावी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत जर्मनीतील म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या मेळ्यावर आलेला लेख मी येथे, अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात, इंटरनेटवर वाचला. लेख माहितीपूर्ण होता. परंतु ऑक्टोबरफेस्टची बिअर जुलैतच दुकानात येते म्हणून येथील बिअरप्रेमी दरवर्षी जो वाद घालतात, त्याचा उल्लेख त्यात रिकामपणाचा उद्योग अशा सुरात झाला. मी एकवीस वर्षे या शहरात राहतो आणि तो वाद मीही दरवर्षी घालतो, म्हणून हे पत्र. मद्यपान करावे की करू नये हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. हा वाद एका पेयाचा, ते बनवणाऱ्यांच्या कसबाचा आणि त्याच्या ऋतूचा आहे.

शरद ऋतूतील या बिअरचे जुने नाव मेर्त्सन, म्हणजे मार्चमधली. म्युनिक ज्यात आहे त्या बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५३ मध्ये असा नियम घालून दिला की बिअर केवळ २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच बनवावी, कारण उन्हाळ्यातल्या उष्णतेने ती नासत असे. त्यामुळे हंगामाच्या शेवटी, मार्चच्या सुमारास, थोडी अधिक कडक आणि हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे) प्रमाण वाढवलेली बिअर करून ती तळघरांत बर्फाच्या गारव्यात ठेवत आणि उन्हाळाभर पुरवून पुरवून पीत. तळघरावर सावली राहावी म्हणून वर चेस्टनटची झाडे लावत. म्युनिकची आजची बिअर गार्डन्स त्याच झाडांखाली वाढली. नवा हंगाम सुरू होण्याआधी पिंपे रिकामी करणे भाग असे, म्हणून उरलेली मार्चची बिअर सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात संपवली जाई. तोपर्यंत ती कित्येक महिने थंडीत मुरलेली असे. बाटलीवरचे 'ऑक्टोबर' हे नाव मात्र म्युनिकच्या मेळ्यावरून आले आहे.

आज आपण जिला मेर्त्सन म्हणतो, ती तांबूस, भाजलेल्या पावाच्या कडेसारख्या वासाची बिअर मात्र एकोणिसाव्या शतकातली आहे. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचे गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचे आंतोन द्रेहर या दोन तरुणांनी १८३३ मध्ये इंग्लंडचा दौरा करून तेथील माल्ट (मोड आणून वाळवलेले जवाचे दाणे) बनवण्याची रीत पाहिली आणि १८४१ मध्ये दोघांनीही आपापल्या गावी नव्या प्रकारची लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली बिअर, बाजारात आणली. पुढे १८७२ च्या ऑक्टोबरफेस्टमध्ये नेहमीची बिअर संपली, तेव्हा गाब्रिएल यांचे बंधू योझेफ झेडलमायर यांच्या ब्रुअरीची कडक बिअर पाजली गेली आणि तीच लोकांना आवडली, असे सांगतात.

म्युनिकच्या तंबूंतील बिअर तांबूस असते, ही आपल्या लेखातील चूक येथे दुरुस्त करणे आवश्यक आहे. म्युनिकच्या तंबूंतून आज लिटरभराच्या मगात जी बिअर मिळते, ती तांबूस नसून सोनेरी असते. पाउलानर ब्रुअरीने १९७० च्या दशकात फिकट, पोटाला कमी जड वाटणारी फेस्टबिअर आणली आणि १९९० च्या सुमारास मेळ्यातील सर्वच ब्रुअऱ्या सोनेरी बिअरकडे वळल्या. तांबूस मेर्त्सन आता मुख्यतः बाटलीत, आणि सर्वांत जास्त निष्ठेने अमेरिकेत, जिवंत आहे. बोस्टनच्या सॅम्युएल अ‍ॅडम्सने १९८९ मध्ये आपली ऑक्टोबरफेस्ट बिअर आणली, त्यानंतर येथील शेकडो लहानमोठ्या ब्रुअऱ्यांनी ती प्रथा उचलली. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेव्हाडाने तर काही वर्षे दरवर्षी एका वेगळ्या जर्मन ब्रुअरीला सोबत घेऊन ही बिअर केली; २०१८ मध्ये त्यांचा जोडीदार वाइहेनश्टेफान होता. यंदा सोबत कोण आणि बिअर तांबूस की सोनेरी, यावर आम्ही उन्हाळाभर चर्चा करत असू, आणि तिची पहिली बाटली उघडणे हा आमच्यासाठी खरोखरच ऋतूबदल असे.

असे असताना जुलैत तक्रार कशासाठी? म्युनिकचा मेळा १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी दुपारी बारा वाजता, महापौरांनी पहिल्या पिंपाला तोटी ठोकल्यावर सुरू होतो. त्याचा मूळ प्रसंग म्हणजे युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेझे यांचा विवाह. तो १२ ऑक्टोबर १८१० चा, पण हवा बरी मिळावी म्हणून मेळा पुढे सप्टेंबरात आणला गेला. म्हणजे सप्टेंबरच्या आरंभी बाटल्या दुकानात आल्या तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु येथे पारा बत्तिशीला टेकलेला असताना, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, निळ्यापांढऱ्या चौकटींची खोकी दुकानाच्या दारात रचलेली दिसतात.

याची कारणे मी ब्रुअरीत काम करणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून समजून घेतली आहेत, आणि ती खोटी नाहीत. अमेरिकेत बिअर बनवणारा, घाऊक वितरक आणि दुकानदार असे तीन टप्पे बहुतेक ठिकाणी कायद्यानेच वेगळे ठेवले आहेत, त्यामुळे दुकानात माल केव्हा मांडायचा हे बनवणाऱ्याच्या हातात पुरते नसते. मोठ्या दुकानांचे मांडणीचे वेळापत्रक कित्येक महिने आधी ठरते. जो आधी पोचतो त्याला दर्शनी जागा मिळते, आणि ऑक्टोबरची ३१ तारीख उलटली की हे नाव असलेली बाटली कोणी उचलत नाही, म्हणून प्रत्येक जण आपला माल शेजाऱ्यापेक्षा आठवडाभर आधी पाठवतो. असा आठवडा आठवडा करत सप्टेंबरचा जुलै झाला. लहान ब्रुअरीची अडचण आणखी निराळी आहे. लागर या शब्दाचा अर्थच साठवण. तिचे यीस्ट ८ ते १२ अंश सेल्सिअसला सावकाश काम करते आणि नंतर बिअर शून्याच्या आसपास काही आठवडे मुरत ठेवावी लागते. दोन-तीन आठवड्यांत तयार होणाऱ्या एल या प्रकारच्या बिअरच्या तुलनेत ही बिअर टाकी दुप्पट-तिप्पट काळ अडवून बसते. ज्याच्याकडे मोजक्याच टाक्या आहेत, त्याला ती लवकर लावून लवकर रिकामी करावीशी वाटली तर मी त्याला दोष देणार नाही.

आमच्यातलेच काही जण म्हणतात की नको असेल तर जुलैत घेऊ नका. मी अनेक वर्षे घेतली नाही. परंतु मी थांबलो म्हणून माल थांबत नाही. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, झाडांची पाने लाल होऊन संध्याकाळी अंगावर स्वेटर आल्यावर, जेव्हा ही बिअर प्यावीशी वाटते तेव्हा दुकानात ती संपलेली असते आणि तिच्या जागी नाताळची, दालचिनी-जायफळ घातलेली बिअर आलेली असते. वाशीच्या बाजारात हापूसची पहिली पेटी जानेवारीत आली की तिची बातमी होते. पण त्या पेटीमुळे मे महिन्यात हापूस मिळेनासा होत नाही. येथे नेमके तसेच घडते, आणि माझी मुख्य तक्रार ती आहे.

दुसरी तक्रार चवीची. एका वर्षी ऑक्टोबरच्या मध्यास घराजवळच्या एका दुकानात मला एक शेवटचे खोके मिळाले आणि फार आनंदाने मी ते पाच मित्रांसाठी घरी आणले. त्यांपैकी दोघे पुण्याहून प्रथमच येथे आले होते आणि मी त्यांना या बिअरविषयी दोन दिवस सांगत होतो. पहिल्याच घोटाला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला. खोक्याच्या तळाशी बाटल्या भरल्याची तारीख होती, जूनच्या अखेरची; आणि ते खोके संपूर्ण उन्हाळा शीतकपाटाबाहेर, काचेच्या दर्शनी भिंतीशी उभे होते, हे दुकानदाराने स्वतःच सांगितले. उष्णतेत बिअरचे प्राणिलीकरण (ऑक्सिजनशी संयोग) वेगाने होते, माल्टचा ताजा गोडवा आधी जातो आणि मग हा वास येतो. मेर्त्सनमध्ये सारे महत्त्व माल्टलाच असल्याने तिचे नुकसान लगेच जाणवते. माझ्या पाहुण्यांनी सौजन्याने ग्लास संपवले. मला त्या संध्याकाळी वाईट वाटले ते आजही आठवते.

यावर इतिहास जाणणारे एक मित्र मला नेहमी सांगतात की मूळ मार्चची बिअर लोक उन्हाळ्यातही पीतच होते, मग जुलैला नाक मुरडण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यामुळे मी माझे मत बदलले आहे. पूर्वी मी म्हणत असे की सप्टेंबरच्या आधी एकही बाटली विकू नये. आता मी तसे म्हणत नाही. जुन्या लोकांनी ती उन्हाळ्यात प्यायली, पण पिंप उघडेपर्यंत ती गारव्यातून हलवली नाही. आमच्याच शहरात ओव्हर-द-ऱ्हाइन नावाच्या जुन्या जर्मन वस्तीखाली एकोणिसाव्या शतकातील ब्रुअऱ्यांची दगडी भुयारे आहेत, जी १९२० च्या दारूबंदीनंतर विसरली गेली होती. आता ती पाहता येतात. भर ऑगस्टमध्ये त्या पायऱ्या उतरताना अंगावर येणारा गारवा अनुभवला की केवळ बिअर थंड राहावी म्हणून माणसांनी किती खोल खणले हे कळते, आणि वर दुकानात उन्हात ठेवलेली खोकी पाहवत नाहीत.

म्हणून ब्रुअऱ्यांकडे आणि वितरकांकडे माझे मागणे असे आहे की पहिला माल ऑगस्टअखेर पाठवावा, पण निम्मा माल थंड गोदामात राखून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाठवावा. बाटली भरल्याची तारीख खोक्याच्या तळाशी नव्हे तर दर्शनी बाजूस छापावी. आणि दुकानदाराने ही बिअर शीतकपाटातच ठेवावी. जर्मनीहून जहाजाने येणाऱ्या बिअरला वेळ लागतो, ती लवकर निघणारच. तिच्यासाठी तारीख आणि गारवा या दोन गोष्टी अधिकच गरजेच्या आहेत.

पुण्यामुंबईच्या वाचकांना ही अडचण दूरची वाटेल, कारण तेथील मायक्रोब्रुअरीत बिअर टाकीतून थेट ग्लासात येते आणि दुकानाच्या फळीचा प्रश्नच उद्भवत नाही. त्या अर्थी तेथे सप्टेंबरअखेर टाकीतून ओतलेली मेर्त्सन, बाहेर ऑक्टोबर हीट असली तरी, येथल्या माझ्या खोक्यापेक्षा म्युनिकच्या अधिक जवळची आहे.

तंबूतील बिअरच्या रंगाविषयीची दुरुस्ती पुढील रविवारी छापावी, अशी विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सिनसिनाटी (ओहायओ)