अतिदक्षता विभागातून वॉर्डात येताना

महोदय,

मूल अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवले, की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात; आईवडिलांच्या जिवाला मात्र तेव्हाच नवा घोर लागतो. अतिदक्षता विभागात एक-दोन मुलांमागे एक परिचारिका असते आणि नाडी व ऑक्सिजनचे आकडे मॉनिटरवर अखंड दिसत असतात. वॉर्डात एकाच परिचारिकेकडे अनेक खाटा असतात, बोटाचा सेन्सर निघालेला असतो, आणि श्वास नीट चालू आहे ना, हे पाहण्यासाठी आई रात्रभर मुलाच्या छातीवर हात ठेवून बसते. न्यूमोनियातून सावरलेल्या माझ्या मुलीला हलवताना आम्हाला ‘सामान आवरा’ एवढेच सांगण्यात आले. तिला आता यंत्राची गरज उरलेली नाही, हे कुणी समजावले असते, तरी पुष्कळ धीर आला असता.

नवजात बाळांच्या काळजीत कुटुंबाला सहभागी करून घेण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. बाळाला कांगारू पद्धतीने उराशी धरणे, धोक्याची लक्षणे ओळखणे, हे पालकांना रुग्णालयातच शिकवावे, असा त्यांचा रोख आहे. मोठ्या मुलांच्या विभागांतही तीच रीत हवी. वॉर्डातील परिचारिकेने शक्यतो आदल्या दिवशी पालकांना भेटावे आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, ओठ निळसर होणे, पाणीही न घेणे, यांपैकी काही दिसल्यास कुणाला बोलवायचे, हे मराठीत लिहून द्यावे. मनुष्यबळ अपुरे आहे, हे खरेच. तरीही सार्वजनिक आरोग्य विभागाने ही भेट उपचाराचाच भाग मानून तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा, ही विनंती.

— एक पालक, नाशिक