द्राक्षहंगामात चुकणारी ‘अंतरा’ची सुई

महोदय,

द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा-पेठच्या बायका दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला येतात आणि गर्भनिरोधक सुईची तारीख नेमकी तेव्हाच चुकते. ‘अंतरा’ दर तीन महिन्यांनी घ्यायची असते. पण ती दोन आठवडे आधी घेता येते आणि चार आठवडे उशिरापर्यंतही चालते. घर सोडण्यापूर्वी एवढे सांगितले तरी कितीजणींची सुई टळणार नाही! टोचलेली जागा चोळू वा शेकू नये, औषधाचा असर लवकर संपतो.

सुई सोडून देण्याचे मोठे कारण मात्र पाळी. आधी मधूनच रक्त जाते, पुढे पाळीच थांबते. ‘रक्त आत साठलं’ असे घरात कोणी म्हणाले की बाई घाबरते. रक्त साठत नाही, गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहते. हे पहिल्या सुईआधी सांगायला हवे, तक्रार आल्यावर नव्हे.

‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. सात दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. आशाताईंनी कार्डावर वार लिहून द्यावेत आणि बागेजवळच्या उपकेंद्राने दुसऱ्या तालुक्याचे कार्ड पाहूनही सुई द्यावी.

— एक आरोग्यसेविका, नाशिक