दोन चमचे

ती. आई-बाबा,
सा. न.

आधीच कबूल करते, तुम्हाला न विचारता मी आईच्या डॉक्टरांशी बोलले. तिच्या जळजळीच्या औषधाची, ओमेप्राझोलची, 40 मिलिग्रॅमची नवी चिठ्ठी तूर्त बाजूला, जुनी 20 चीच कॅप्सूल चालू, असं ठरलंय. रागावू नका. मधे पडायची हौस नव्हती हो, पण गेल्या महिन्यात ओट्यापाशी पाहिलेलं डोक्यातून जाईना.

बाबा, चष्मा कपाळावर सारून तुम्ही कॅप्सूल उघडलीत, आतले मोहरीहून बारीक दाणे चमच्यात ओतलेत आणि दुसऱ्या चमच्याने दाबून कर्रकर्र भुगा केलात. आईच्या घशात अडकते म्हणून. माझ्या तापाच्या गोळ्या तुम्ही अश्शाच चिरडून साखरेतून द्यायचात. मी तोंड घट्ट मिटून बसायचे, तुम्ही खोटंखोटं चाटून दाखवायचात. तेव्हा ते चालून गेलं, इथे नाही चालत.

ओमेप्राझोल जठरातल्या आम्लात टिकतच नाही. म्हणून दाण्यादाण्यावर लेप असतो. तो जठरात तसाच राहतो आणि पुढे लहान आतड्यात, आम्लपणा कमी होऊन पीएच (तो मोजायचा आकडा, आम्ल कमी तसा हा जास्त) साधारण 5.5 च्या वर गेला की विरघळतो. मग औषध रक्तातून फिरून परत जठराच्याच पेशींकडे येतं, आम्ल थांबवायला. केवढा वळसा! दाणा फुटला की लेप गेला, औषध वाटेतच बाद. आईची जळजळ हटत नव्हती ती त्यामुळेच असावी, आणि आपण डोस दुप्पट करायला निघालो होतो. यात तुमची चूक नाही. चिठ्ठीवर 'सकाळी उपाशीपोटी 1' एवढंच होतं, आणि खोक्यातला माहितीचा कागद मी तरी कुठे उलगडला?

कॅप्सूल उघडायला डॉक्टरांची ना नाही. दाणे चमचाभर सफरचंदाच्या मऊ गरावर टाकायचे, लगेच गिळायचे, वर पेलाभर गार पाणी. न्याहारीच्या अर्धा तास आधी. रात्री कालवून ठेवायचं नाही, दुधातून नाही, गरम कशातूनही नाही. बाबा, कॅप्सूल तुम्हीच उघडून द्या, तुमच्या हातचं आई निमूट घेते. फक्त दुसरा चमचा हातात घेऊ नका. आई, तू पाणीसुद्धा चावून पितेस, हे तेवढं चावू नकोस गं.

अजून एक. अडकते ती कॅप्सूलच, की कधी घासही अडकतो, असं डॉक्टरांनी विचारलंय. घाबरायचं काही नाही, विचारावंच लागतं म्हणाले. मी रजा टाकली आहे, सोबत जाऊ. तोवर फोनवर 'काही नाही गं' चालणार नाही, आई. खरं काय ते सांग.

तुमची,
लेक