आईच्या दुधाला कशाला नावं ठेवता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आईच्या दुधातल्या लोह, झिंक वगैरे खनिजांवर लेख आला होता. लेख ठीक होता, पण हेडिंग 'आईच्या दुधात लोह कमी' असं देऊन तुम्ही घोळ घातलात, कारण लोक हेडिंगच वाचतात आणि तेवढंच फॅमिली ग्रुपवर फिरतं. आमच्या सोसायटीतल्या एका बाळंतिणीला सासूबाईंनी लगेच ऐकवलं, तुझंच रक्त कमी, दुधात कुठून येणार, पावडरचा डबा आणा. पोर तिसऱ्या महिन्यातलं, वजन छान वाढतंय!

मी निवृत्त नर्स, त्यामुळे राहवलं नाही. लोह कमीच असतं हो, लिटरमागे जेमतेम 0.3-0.4 मिलिग्रॅम, पण आहे ते बाळाच्या अंगी चांगलं लागतं आणि मुख्य म्हणजे पूर्ण दिवसांचं बाळ पोटातूनच साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो. आईचं हिमोग्लोबिन थोडं कमी असलं म्हणून दुधातलं लोह, झिंक, तांबं फारसं खालीवर होत नाही. अळिवाचे लाडू तिने खायचेच, पण स्वतःच्या अंगात रक्त भरायला. झिंकचं बघा, चिकात भरपूर असतं आणि पुढे महिन्यागणिक उतरत जातं, हे नॉर्मल आहे, त्यासाठी दूध लॅबमध्ये पाठवायची काही गरज नाही.

साठा कमी पडतो तो आधीच. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या खाल्ल्या नाहीत, बाळ लवकर किंवा कमी वजनाचं झालं, किंवा घाईघाईने नाळ कापली (मिनिटभर तरी थांबायचं असतं, तेवढ्यात बरंच रक्त बाळाकडे जातं). अशा बाळांना लोहाचे ड्रॉप्स लवकर लागतात, ते डॉक्टर ठरवतील.

आणि खरी गडबड होते ती सहाव्या महिन्यानंतर. NFHS-5 या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातली 6 ते 59 महिन्यांची 67.1 टक्के मुलं ॲनिमिक निघाली, ती काय आईच्या दुधामुळे? उष्टावण थाटात करतात, फोटो काढतात, आणि दुसऱ्या दिवसापासून काय तर डाळीचं पाणी! वरचं पिवळं पाणी बाळाला आणि खालची घट्ट डाळ आपल्याला. अहो डाळ घोटून द्या, नाचणी द्या, अंडं द्या, खात असाल तर मटणाची कलेजी द्या, वर लिंबू पिळा म्हणजे लोह नीट शोषलं जाईल. वरचं गाईचं दूध मात्र वर्षाच्या आत पोटभर पाजू नका, त्यातही लोह फारसं नसतं आणि असतं तेही अंगी लागत नाही. सरकारी आयर्न सिरप आठवड्यातून दोनदा 1 मिली द्यायचं असतं, पण शी काळी झाली की आया घाबरून बाटली कपाटात ठेवून देतात. काळी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आईच्या खाण्यावर खरंच अवलंबून असतं ते आयोडीन, त्याबद्दल तुमच्या लेखात चकार शब्द नाही. तिला रोज 250 मायक्रोग्रॅम लागतं, तिला मिळालं नाही तर दुधातही उतरत नाही आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला तेच हवं असतं. हल्ली घरोघरी सैंधव मिठाची फॅशन आलीय, त्यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं. बाळंतिणीच्या घरात तरी साधं आयोडीनवालं मीठ आणा, पाकिटावर लिहिलेलं असतं.

– एक निवृत्त परिचारिका, नाशिक