फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्याहून मित्रास पत्र

फ्रँकफर्ट,
२० ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मेळा काल संध्याकाळी संपला आणि आज सकाळी उठल्याबरोबर तुला लिहायला बसलो आहे. मी निघण्यापूर्वी तू म्हणाला होतास की हा मेळा मुळात व्यापाऱ्यांचा. साहित्यावर जीव असलेल्या माणसाला तिथे करारपत्रे आणि आकडेमोड यांखेरीज काय दिसणार? या प्रश्नाचे उत्तर तुला सविस्तर द्यायचे, हे ठरवूनच मी तिथे वावरलो. मेळा व्यापाऱ्यांचा आहे हे तुझे म्हणणे खरे आहे. पण त्या व्यापाराचे भांडवल काय आहे हे जवळून पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की आपल्यासारख्यांनी इथे यायला हवे, आणि ते रिकाम्या हातांनी नव्हे.

आधी जागेविषयी सांगतो. दर वर्षी ऑक्टोबरच्या मध्यास, बुधवारपासून रविवारपर्यंत, शहराच्या प्रदर्शन-संकुलात हा मेळा भरतो. एकेक हॉल कित्येक मजल्यांचा असतो, त्यामुळे पत्ता सांगताना हॉलबरोबर मजलाही सांगावा लागतो: ३.० म्हणजे तिसऱ्या हॉलचा तळमजला, ३.१ म्हणजे त्याच्या वरचा. हॉलांना जोडणारे सरकते मार्ग आहेत, आवारात फिरणाऱ्या बसगाड्या आहेत, आणि मधोमध आगोरा नावाचे विस्तीर्ण मोकळे अंगण आहे, जिथे दमलेली माणसे येऊन बसतात. चार हजारांहून अधिक प्रदर्शक आणि दोन लाखांहून अधिक माणसे इथे येतात. हे आकडे मी येण्यापूर्वीच वाचले होते. त्यांचा अर्थ मात्र तिसऱ्या हॉलमध्ये नुसत्या जर्मन प्रकाशकांच्या ओळीमागून ओळी चालून गेल्यावरच कळला.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते परदेशी प्रकाशकांच्या स्टॉलांनी. जॉर्जियन, कोरियन, अरबी, लिथुएनियन पुस्तके मी हातात घेत होतो. कागद उत्तम, बांधणी सुबक, मुखपृष्ठ देखणे, आणि आत काय आहे ते मला काडीमात्र कळत नव्हते. एखादे पुस्तक त्या भाषेतले शतकातले सर्वश्रेष्ठ असले तरी माझ्यासमोर ते मुकेच राहणार होते. तेव्हा लक्षात आले की आपण ज्या मराठी कादंबऱ्यांवर रात्ररात्र बोलतो, त्यादेखील इथल्या संपादकाच्या हातात अशाच मुक्या राहतात. चांगले पुस्तक आपली वाट आपण शोधते, असे तू नेहमी म्हणतोस. एका भाषेच्या आत ते कदाचित खरे असेल. भाषेची सीमा ओलांडताना मात्र त्या पुस्तकाच्या बाजूने बोलणारा कुणीतरी माणूस लागतोच, आणि हा सारा मेळा अशा बोलणाऱ्या माणसांसाठी भरतो.

इथे प्रत्यक्ष काय विकले जाते, ते समजून घे. मुख्य सौदा पुस्तकाच्या प्रतींचा नसतो, ते पुस्तक दुसऱ्या भाषेत वा देशात काढण्याच्या हक्कांचा असतो. साहित्यिक एजंटांसाठी, म्हणजे लेखकांच्या वतीने हे हक्क विकणाऱ्यांसाठी, एक स्वतंत्र हॉल राखलेला असतो आणि भेट आधी ठरलेली असल्याशिवाय तिथे प्रवेश मिळत नाही. आत लहान लहान टेबलांच्या रांगा असतात, एका बाजूला एजंट, दुसऱ्या बाजूला कुठल्यातरी देशाचा संपादक, आणि त्यांच्यामध्ये अर्धा तास. अर्धा तास संपला की संपादक उठून पुढच्या टेबलाकडे जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हे असेच चालते. या भेटी मेळ्याच्या कित्येक आठवडे आधी ठरलेल्या असतात. ज्याचा हक्क मागायचा ते पुस्तक पुष्कळदा छापलेले नसते, कधी कधी पुरते लिहूनही झालेले नसते. करार झालाच तर त्यात कोणती भाषा, कोणता प्रदेश, किती वर्षे, कागदी प्रतीबरोबर ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तकाचा हक्क आहे की नाही, हे सगळे स्वतंत्रपणे लिहिले जाते, आणि पुढे मिळणाऱ्या रॉयल्टीतून वळती होणारी आगाऊ रक्कम ठरते. एकाच पुस्तकावर दोघा-तिघांचे मन बसले तर बोली लागते. शिवाय इथे स्काउट नावाचा एक वर्ग असतो, ज्यांचे काम परदेशी प्रकाशकांच्या वतीने आधीच वाचून ठेवणे आणि कोणत्या पुस्तकाकडे लक्ष द्यावे ते वेळेवर कळवणे एवढेच असते. वाचण्यासाठी पगार घेणारी माणसे पाहून मला त्यांचा मनापासून हेवा वाटला.

आता यात साहित्यप्रेम कुठे आले, असे तू विचारशील. त्या टेबलांवरचे बोलणे मी शेजारून ऐकले आहे. आकडे अखेरीस येतात, आणि पुष्कळदा मेळा उलटल्यावर पत्रव्यवहारात येतात. अर्ध्या तासातला बहुतेक वेळ एक माणूस दुसऱ्या माणसाला गोष्ट सांगत असतो: ती मुलगी घर सोडून का जाते, तो म्हातारा खोटे का बोलतो, निवेदक अचानक का बदलतो. सांगणाऱ्याने पुस्तक खरोखर वाचले आहे का आणि ते त्याला खरोखर लागले आहे का, हे समोरच्याला तत्काळ कळते. ज्या पुस्तकाविषयी सांगताना एजंटाचा आवाज बदलतो, त्याच पुस्तकाचे नाव संपादक वहीत लिहून घेतो. इतक्या कोरड्या वाटणाऱ्या व्यवहाराच्या मुळाशी एका वाचकाचा दुसऱ्यावरचा विश्वास आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले.

ही रीत नवी नाही. युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या ग्युटेनबर्गचे माइन्झ इथून अगदी जवळ आहे. १४५४ च्या ऑक्टोबरात एनेआ सिल्व्हिओ पिक्कोलोमिनी नावाचा मुत्सद्दी, जो पुढे पोप दुसरा पायस झाला, फ्रँकफर्टला आला होता, आणि मार्च १४५५ मध्ये त्याने एका कार्डिनलला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात तो छापील बायबलची सुटी पाने पाहिल्याचे सांगतो, अक्षर इतके स्वच्छ आहे की तुम्हाला ते चष्म्याशिवाय वाचता येईल असे लिहितो, आणि ग्रंथ पुरा होण्याआधीच सर्व प्रतींना गिऱ्हाइके मिळाल्याचे ऐकले असेही कळवतो. युरोपातल्या पहिल्या मोठ्या छापील ग्रंथाविषयीची ही आरंभीची साक्ष एका पत्रातून येते, आणि तीदेखील ‘मी पाहिले, फार चांगले आहे’ असे दुसऱ्याला सांगणारी! १५६४ मध्ये गेओर्ग विलर या पुस्तकविक्रेत्याने इथल्या मेळ्यात येणाऱ्या पुस्तकांची छापील यादी काढली, म्हणजे जे मेळ्याला येऊ शकत नव्हते त्यांच्यापर्यंतही नावे पोहोचू लागली. पुढे शाही ग्रंथनियंत्रणाचा जाच आणि इतर कारणांनी पुस्तकांचा व्यापार लाइपझिगकडे सरकला. दुसऱ्या महायुद्धानंतर लाइपझिग सोव्हिएत ताब्यातल्या भागात गेले, तेव्हा १९४९ च्या सप्टेंबरमध्ये इथल्या सेंट पॉल चर्चमध्ये २०५ जर्मन प्रदर्शकांनी मेळा पुन्हा उभा केला. हे चर्च १९४४ च्या बाँबवर्षावात जळाले होते आणि नुकतेच पुन्हा बांधले गेले होते. घरे उभी नसलेल्या शहरात माणसांनी पुस्तके मांडली, याचा मला फार आदर वाटतो.

त्याच वास्तूत मेळ्याच्या रविवारी जर्मन पुस्तक-व्यवसायाचा शांतता पुरस्कार दिला जातो. यंदा तो इतिहासकार कार्ल श्लोगेल यांना मिळाला. १९६१ मध्ये तो डॉ. राधाकृष्णन यांना आणि २०२० मध्ये अमर्त्य सेन यांना मिळाला होता, हे तुला ऐकून बरे वाटेल.

मेळा दर वर्षी एका देशाला पाहुणा म्हणून बोलावून त्याच्या साहित्याला खास दालन देतो. यंदाचा पाहुणा देश फिलिपिन्स होता आणि त्याच्या दालनात मी सर्वांत जास्त वेळ घालवला. शंभराहून अधिक भाषा बोलणारा देश आपले साहित्य परक्यांपुढे कसे मांडतो, हे आपल्या देशातून आलेल्या माणसाने बारकाईने पाहण्यासारखे होते. दालनाचे बोधवाक्य फिलिपिनो लेखक होसे रिझाल यांच्या पहिल्या कादंबरीतून घेतलेले होते. रिझाल १८८६ मध्ये इथून जवळच हायडेलबर्गला राहिले होते, आणि स्पॅनिश सत्तेचे अन्याय उघडे करणारी त्यांची ती कादंबरी, ‘नोली मे तांगेरे’, १८८७ मध्ये बर्लिनमध्ये छापली गेली. छपाईला पैसे नव्हते. माक्सिमो व्हिओला या मित्राने ते उसने दिले म्हणून पुस्तक बाहेर आले. १८९६ मध्ये स्पॅनिश सरकारने रिझाल यांना गोळ्या घातल्या. ज्या जर्मनीत हे पुस्तक एका मित्राच्या पैशांवर छापले गेले, तिथेच ते सव्वाशेहून अधिक वर्षांनी पाहुण्या देशाचा मान घेऊन परतले, हे पाहताना मला राहून राहून व्हिओलांची आठवण येत होती.

भारत इथे दोनदा पाहुणा देश झाला आहे, १९८६ आणि २००६ मध्ये. पाहुणेपणाचा उपयोग कसा करायचा हे मात्र नॉर्वेकडून शिकावे. २०१९ मध्ये नॉर्वे पाहुणा होता. त्या देशाची लोकसंख्या साधारण ५५ लाख. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक आठ कोटींहून अधिक आहेत. तरीही नॉर्वेजियन कादंबरी जगभर सहज मिळते आणि मराठी मिळत नाही, याचे एक कारण म्हणजे नॉर्ला ही त्यांची संस्था १९७८ पासून हेच एक काम करते आहे: नमुना-अनुवादासाठी पैसे देणे, परदेशी प्रकाशकाला अनुवादाच्या खर्चाचा काही भाग देणे, अनुवादकांना एकत्र आणणे. त्यांचे साहित्य आपल्यापेक्षा श्रेष्ठ आहे असे मी मुळीच मानत नाही. फक्त त्यांनी स्वतःच्या साहित्याची बाजू मांडण्याचे काम एका संस्थेला नेमून दिलेले आहे.

माझ्या भेटींपैकी एक तुला सांगितलीच पाहिजे. एका मध्यम आकाराच्या युरोपीय प्रकाशनसंस्थेच्या संपादिकेला मी आपल्या आवडत्या त्या कादंबरीविषयी सांगितले, तीच, जिच्या शेवटच्या प्रकरणावर आपण अजून एकमताने बोलू शकलेलो नाही. ती पुढे झुकून ऐकत होती. मग तिने तीनच प्रश्न विचारले: हक्क कुणाकडे आहेत, इंग्रजीत निदान तीस पाने वाचायला मिळतील का, आणि मूळ भाषेतून थेट अनुवाद करणारा कुणी आहे का. पहिल्याचे उत्तर माझ्याकडे होते. उरलेल्या दोहोंसाठी मी तिला काही आठवड्यांची मुदत मागितली आणि तिने ती आनंदाने दिली. इथे फ्रँकफर्टमध्येच लिटप्रोम ही संस्था १९८० पासून आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेचे साहित्य जर्मनमध्ये यावे म्हणून झटते आहे, याची माहितीही तिने आपण होऊन दिली. कुतूहलाची कमतरता नाही, मित्रा. वाचायला द्यावीत अशी पाने आपल्याकडे तयार नाहीत, एवढेच.

शनिवार-रविवारी मेळ्याचे रूप पालटते. पहिले दिवस मुख्यतः व्यावसायिकांचे. मग वाचकांचे लोंढे येतात आणि त्यांत तरुण मुलेमुली इतकी असतात की चालायला जागा उरत नाही. कॉमिक्समधल्या पात्रांचे पोशाख घालून आलेली मुले, पानांच्या कडा रंगवलेल्या जाडजूड प्रेमकथा छातीशी धरून लेखिकेच्या स्वाक्षरीसाठी तासन्‌तास उभ्या असलेल्या मुली. जर्मनीत नव्या पुस्तकाची किंमत कायद्याने बांधलेली असते (२००२ पासून त्याचा स्वतंत्र कायदाच आहे), त्यामुळे सवलतीच्या ओढीने कुणी आलेले नव्हते. वाचन संपत चालले, असे आता माझ्यासमोर कुणी म्हणाले तर मी त्याला त्या रांगा दाखवीन.

आता कामाचे. त्या कादंबरीची पहिली दोन प्रकरणे तू इंग्रजीत करावीस, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तीस-पस्तीस पाने होतील. भाषेचा पोत तुझ्याइतका कुणाला कळलेला नाही, आणि संवादांतली बोली सपाट न करता ती कशी उतरवायची याविषयी तू मागे जे बोलला होतास, तेच आता कागदावर यायला हवे. मी दोन पानांचा सारांश, लेखिकेचा परिचय आणि राइट्स लिस्ट, म्हणजे कोणते हक्क उपलब्ध आहेत त्याची यादी, तयार करतो. लेखिकेची लेखी संमती मिळवण्याचेही माझ्याकडे असू दे. तुझ्याकडून डिसेंबरअखेर पहिला खर्डा आला, तर जानेवारीत आपण दोघे मिळून ओळ अन् ओळ तपासू आणि फेब्रुवारीत तो संपादिकेकडे जाईल. पुढच्या वर्षी पाहुणा देश चेकिया आहे. त्या मेळ्याच्या भेटी उन्हाळ्यातच ठरवायला लागतील, तेव्हा तुझे पारपत्र वैध आहे का तेही पाहून ठेव, कारण पुढच्या वेळी त्या टेबलाशी माझ्या शेजारी तू बसलेला हवा आहेस. घरी सर्वांना नमस्कार सांग, आणि उत्तरात प्रकरणांबाबत हो की नाही ते आधी लिही.

तुझा,
स्नेहांकित मित्र