मेलोट्रॉन म्हणजे सिंथेसायझर नव्हे

संपादक महोदय,

‘किंग क्रिम्सन’ या ब्रिटिश रॉक बँडवरील तुमच्या लेखात पहिल्या अल्बममधले (१९६९) तंतुवाद्यांचे सूर सिंथेसायझरचे म्हटले आहेत. ते मेलोट्रॉनचे. या कीबोर्ड-वाद्यात प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणाची फीत असते. पट्टी दाबली की फीत ध्वनी वाचणाऱ्या हेडवरून सरकते आणि जेमतेम आठ सेकंदांत संपते. बोट उचलले की स्प्रिंग तिला मागे ओढते. एकदम जास्त पट्ट्या दाबल्या तर मोटरवर ताण येऊन सूर उतरतो. असे नाजूक वाद्य मैफलीत सांभाळणे सोपे नव्हते!

त्याच वर्षी जुलैत लंडनच्या हाइड पार्कमध्ये मैफल, ऑक्टोबरमध्ये अल्बम आणि डिसेंबरात मेलोट्रॉन वाजवणारे इयन मॅकडोनाल्ड बाहेर. तरीही बँडचे गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी अनेकदा मोडलेला हा बँड नव्या वादकांसह २०२१पर्यंत पुन्हा पुन्हा उभा केला. त्याचा उल्लेख लेखात हवाच होता.

– एक वाचक, पुणे