पचमढी पायी पाहायची तर क्रम आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या मराठी मंडळांत, सोसायट्यांत आणि घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पचमढी या थंड हवेच्या ठिकाणच्या सहलीची जुळवाजुळव सुरू होते. कार्यक्रमाचा कागद बहुतेकांचा सारखाच असतो. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी पोचल्या पोचल्या चौरागडच्या देवळाचा चढ, संध्याकाळी धूपगडच्या शिखरावरून सूर्यास्त, रविवारी बी फॉल हा धबधबा, अप्सरा विहारचा डोह, जटाशंकरची गुहा, हांडी खोहची दरी आणि रात्री परतीची गाडी. ठिकाणं सगळी चांगली निवडलेली असतात. घोळ होतो तो क्रमात. त्यामुळे निम्मी मंडळी चौरागडच्या अर्ध्या वाटेवरून परततात आणि दुसऱ्या दिवशी जीपमधून खाली उतरायला तयार नसतात. सातपुड्यातला हा डोंगर पायी पाहण्याचा आहे, आणि नीट आखणी केली तर साठीतल्या माणसांनाही तो पायी पाहता येतो. म्हणून हे पत्र.

सुरुवात प्रवासापासून. इंदूर-जबलपूर ओव्हरनाइट एक्स्प्रेस काय किंवा नर्मदा एक्स्प्रेस काय, पिपरियाला उतरायची वेळ अपरात्रीची येते. तिथून पचमढी पन्नासेक किलोमीटर, मटकुली सोडलं की घाट. अंधारात, झोपाळू ड्रायव्हरच्या भरवशावर, जनावरं रस्ता ओलांडत असताना हा घाट चढण्यात काहीच शहाणपण नाही. उजाडेपर्यंत स्टेशनावर थांबावं. मोटारीने भोपाळ-नर्मदापुरमवरून गेलं तरी चारशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं, म्हणजे अख्खा दिवस जातो. दोन्ही प्रकारांत झोप मोडलेली, पोटात नीट काही नाही, आणि आपण १,०६७ मीटर उंचीवर आलेलो असतो. या अवस्थेत सकाळी अकराला, ऊन डोक्यावर असताना चौरागड चढायला घेणं ही सहलीतली सर्वांत मोठी चूक.

आमच्या मते क्रम असा असावा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत विश्रांती. दुपारी जीप करून आधी बी फॉल, मग धूपगड. बी फॉलच्या पायऱ्या उतरून चढल्या की कोणाचा गुडघा कुरकुरतो, कोणाला धाप लागते, हे गटप्रमुखाला त्याच दिवशी कळतं. दुसरा संपूर्ण दिवस चौरागड आणि त्याच्या वाटेच्या सुरुवातीची महादेवाची गुहा यांसाठी. तिसऱ्या दिवशी सकाळी अप्सरा विहार आणि रजत प्रपात हा धबधबा, दुपारी जटाशंकर, पांडव गुंफा, हांडी खोह. बी फॉल चौरागडच्या आधीच उरकायचा, यालाही कारण आहे. उतारावर मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत वजन पेलतात आणि त्यांचं दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं. चौरागडच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पायऱ्या उतरायला लावल्या तर चांगला धडधाकट माणूसही कठडा धरून आडवा आडवा उतरतो.

धूपगड, बी फॉल, अप्सरा विहार या बाजूला स्वतःची मोटार नेता येत नाही. गावातल्या बायसन लॉजपाशी परवाना, जिप्सी (उघडी जीप) आणि गाइड मिळतात. कॅप्टन जेम्स फोर्सिथच्या काळातली, १८६२ ची ही वास्तू आता वनखात्याचं संग्रहालय आहे. रांगेत एकाला उभं करून बाकीच्यांनी ते संग्रहालय पाहून घ्यावं, कारण पुढे जे झाड, जो प्राणी दिसणार त्याची ओळख तिथेच होते. सुट्टीच्या दिवसांत रांग लांबते, तेव्हा सकाळी काउंटर उघडायच्या आधी पोचावं. ओळखपत्रं सर्वांची जवळ हवीत.

आता दगडाविषयी थोडं सविस्तर, कारण इंदूरकर घसरतात ते इथेच. आपल्या पायांना काळ्या पाषाणाची सवय आहे. जानापाव, पाताळपाणी, कजलीगढ सगळीकडे बेसॉल्ट, कोरडा असेल तर तो पाय घट्ट धरतो. पचमढीचा डोंगर मात्र वालुकाश्माचा आहे. खडकावर तळहात दाबून उचला, रेतीचे कण हाताला चिकटून येतात. हेच कण झिजून सपाट कातळावर पसरतात आणि त्यांच्यावरून बूट असा सरकतो की कोरड्या जागीही माणूस बसकण मारतो. पाऊल संपूर्ण टेकवून, छोटं टाकावं. टाच आधी टेकवून उतरू नये. ओढ्याकाठी उलटा प्रकार. दगड पाणी शोषतो, त्यावर शेवाळ्याचा पातळ काळपट थर धरतो, आणि तो लांबून कोरडा वाटतो. हिरवं शेवाळं सगळे टाळतात, या काळ्या थरावर पडतात. कड्याच्या टोकावरचा दगडही भरवशाचा नसतो, खालून झिजून पोकळ झालेला असू शकतो. हांडी खोहच्या कठड्यापलीकडे फोटोसाठी पाय टाकणाऱ्यांना गटप्रमुखाने तिथल्या तिथे मागे ओढावं, भीड बाळगू नये.

बूट खोबणीच्या तळव्याचे हवेत, आणि निदान महिनाभर वापरलेले. नवे बूट पहिल्याच दिवशी टाच सोलतात. निघायच्या आधी पायाची नखं कापावीत, कारण उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. चढताना नाडी सैल चालते, उतरायच्या आधी मात्र घोट्यापाशी आवळून बांधावी. हा एक मिनिटाचा उद्योग बहुतेक जण करत नाहीत आणि फोड घेऊन खाली येतात. काठी घेतली तर ती टेकवल्यावर कोपर काटकोनात येईल एवढ्या लांबीची असावी. सॅंडल आणि चामडी चपला गावातच ठेवाव्यात.

चौरागडसाठी गावातून महादेवापर्यंत दहा-अकरा किलोमीटर गाडीने जायचं. तिथून वर देवळापर्यंत साडेतीन-चार किलोमीटरची चाल, आधी जंगलातली चढ-उताराची वाट आणि मग पायऱ्या. सगळ्या मिळून तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि त्यांची उंची एकसारखी नाही. हिवाळ्यात सातच्या आत चालायला लागावं. मिश्र वयाच्या गटाने चढताना तासाला दीड-दोन किलोमीटर धरावेत, म्हणजे वर पोचायला दोन-अडीच तास, उतरायला दीड-दोन. बरोबर चालणाऱ्याशी बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला असं समजावं आणि उभ्या उभ्याच दोन मिनिटं थांबावं. बसलं की पाय आखडतात. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि वाटेची माहिती असलेला माणूस शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. तरुण पोरं पुढे पळतात, काका-काकू मागे एकटे पडतात.

पाणी माणशी दोन लिटर. वाटेवर लिंबूपाण्याची दुकानं असतात, पण ती उघडी असतीलच असं धरून चालू नये. साखर-मिठाची पाकिटं बरोबर ठेवा. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळी उत्तम. शेव आणि चिवडा इंदूरकराला सुटत नाही हे खरं, पण तिखटमिठाने तहान वाढते, ते हॉटेलवर परतल्यावरच खावं. वर वाहन जात नाही. पाय मुरगळला तर माणसाला धरून, उचलूनच आणावं लागतं, तेव्हा क्रेप बँडेज खिशात हवं, बसमधल्या मोठ्या बॅगेत नको.

वर देवळाच्या आवारात त्रिशूळांची अक्षरशः रास आहे. नवस फेडायला महाशिवरात्रीच्या यात्रेत भाविक ते खांद्यावर घेऊन चढतात, त्यांत विदर्भातली मराठी माणसं फार मोठ्या संख्येने असतात. नुसतं डोंगर पाहायला जाणाऱ्यांनी यात्रेचे दिवस टाळावेत, पायऱ्यांवर मुंगीला वाट नसते. उतरल्यावर महादेवाची गुहा आणि गुप्त महादेव पाहावं. गुप्त महादेवाची फट इतकी अरुंद आहे की आडवं सरकत आत जावं लागतं आणि आत जेमतेम सात-आठ माणसं मावतात. स्थूल प्रकृतीच्या किंवा बंद जागेत जीव घाबरणाऱ्या माणसाला आग्रह करू नये.

माकडांचा उपद्रव महादेवापाशी सर्वांत जास्त. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. खाऊ सॅकच्या आत, कापडी पिशवीत ठेवा, हातात काही धरू नका, आणि हिसकलंच तर सोडून द्या. चावा घेतला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, रेबीजची लस लागते.

पाण्याच्या ठिकाणी पाण्याचा स्वभाव ओळखावा. मध्य प्रदेशात सर्वाधिक पाऊस होणाऱ्या ठिकाणांत पचमढी येते, वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास. वालुकाश्म हे पाणी पोटात धरून ठेवतो, म्हणून आपल्याकडचे धबधबे दिवाळीनंतर आटतात तरी इथले ओढे वाहत असतात. अप्सरा विहारचा डोह काठाला उथळ आणि धारेखाली खोल आहे, पोहता न येणाऱ्याने काठ सोडू नये. तिथून मोठमोठ्या धोंड्यांवरून रजत प्रपाताच्या माथ्याकडे वाट जाते. हा प्रपात १०७ मीटर खोल कोसळतो. त्याच्या तोंडाजवळचा कातळ गुळगुळीत आहे, पाण्यात पाय घालून पुढे जायचं नाही. पावसाळ्यात तर वर कुठेतरी सर पडून गेलेली असते आणि खाली ऊन असतं. पाणी गढूळ झालं, काड्या-पानं वाहत आली, आवाज जड झाला, की चपला शोधत न बसता वर यावं. लोंढा यायला मिनिटंच लागतात.

कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. त्यांच्या खाली सिगारेट, उदबत्ती, शेकोटी, आरडाओरडा काही नको, आणि त्या दिवशी अत्तरही नको. माश्या उठल्याच तर हात न झाडता तोंड-डोकं कापडाने झाकून झपाट्याने लांब जावं. काटा नखाने खरवडून लगेच काढावा.

एवढी काळजी घेऊन चालायचं, त्याचं मोल हे जंगल पुरेपूर देतं. इंदूरच्या आसपास आपण पाहतो तो साग, उन्हाळ्यात खराटा होणारा. पचमढीत साग आणि साल दोन्ही भेटतात. साल पूर्ण निष्पर्ण होत नाही, म्हणून एप्रिलमध्येही त्याच्याखालून चालताना सावली मिळते. दमट घळींत वृक्षनेचे आहेत, खोड असलेले, माणसाच्या डोक्यावर पानं पसरणारे. त्यांची कोवळी गुंडाळलेली पानं कोणी खुडू नयेत, वाढ फार सावकाश असते. आणि वर फांद्यांत नजर ठेवली तर शेकरू दिसतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी पाहायला इंदूरकराला सह्याद्रीपर्यंत जायची गरज नाही. पानांचा चेंडूसारखा गोळा फांदीच्या टोकाकडे दिसला की ते त्याचं घरटं. खाली पाच मिनिटं गप्प उभं राहावं, आधी पानं हलतात आणि मग लांब झुपकेदार शेपटी खाली लोंबते. जीपमधून हे कधीच दिसत नाही. गवे, अस्वल, बिबट्या आणि वाघ यांचंही हे घर आहे. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ चं, आणि पचमढी जीवावरण क्षेत्राला २००९ साली युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात स्थान मिळालं. म्हणून पायवाट सोडून आत शिरायचं नाही, आणि पहाटे-संध्याकाळी एकट्यादुकट्याने फिरायचं नाही. डिसेंबरात साडेपाचनंतर सूर्य मावळतो, पण घळींत चारलाच उजेड कमी होतो. धूपगड १,३५० मीटरवर आहे, सूर्यास्तानंतर गारठा एकदम अंगावर येतो. घामाने ओला झालेला शर्ट बदलायला एक कोरडा जवळ ठेवा.

नागद्वारी या गुहेच्या यात्रेची वाट नागपंचमीच्या सुमाराला वर्षातून एकदाच उघडते. भर पावसातली, निसरडी, लांब चाल आहे ती. सहल म्हणून तिच्याकडे पाहू नये.

तयारी इंदुरातच करता येते. रालामंडलची टेकडी ७८२ मीटरची, म्हणजे शहरापासून दोनशेहून अधिक मीटर उंच. निघायच्या आधीचे तीन रविवार सकाळी ती पायी चढून उतरावी, त्याच बुटांत आणि पाठीवर तीच सॅक घेऊन. जो तिथे तीन वेळा न थांबता चढतो त्याला चौरागड जमतो. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. त्यांच्यासाठी त्या दिवशी महादेव, गुप्त महादेव आणि जटाशंकर असा वेगळा कार्यक्रम आखावा, हॉटेलात बसवून ठेवू नये.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना आग्रहाची विनंती आहे की सहलीच्या सूचनेत भाडं आणि जेवणाच्या जोडीला तीन गोष्टी छापाव्यात: रोज किती किलोमीटर चालायचं, किती पायऱ्या, आणि दोन रात्रींचा मुक्काम. एका रात्रीत हे होत नाही. आपल्या पत्रातही सहलींच्या जाहिरातींसोबत ही माहिती येत राहिली तर वाचकांची मोठी सोय होईल.

आपले,
सातपुड्यात पायी भटकणारे काही वाचक, इंदूर